अक्काच्या फोटोखालचं नाव

आमच्या धुळ्याच्या घरी सुधीरदादाचा फोन रविवारी सकाळी साडेआठला यायचा. अमेरिकेत त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची. बोलणं चार-पाच मिनिटांचं. तब्येत, पाणी आलं का, कोणाचं लग्न ठरलं का. १९९८ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी मात्र तो बराच वेळ बोलत राहिला. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. व्हिसाच्या भानगडीत दादाला तेव्हा येता आलं नव्हतं आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याच्याकडे आप्पांचा एकच फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा. त्यात आप्पा, एखाद्या मुलाने पाढा चुकवल्यावर बघायचे तसे बघत होते. दादाची मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि त्या फोटोला घाबरत होती.

त्याचं म्हणणं असं होतं की आपल्याकडे आणि नातेवाइकांकडे आप्पांचे असतील नसतील तेवढे फोटो गोळा करायचे, स्कॅन करायचे आणि ईमेलने पाठवायचे. तो इंटरनेटवर घराचं एक पान तयार करणार होता. मग पुण्या-मुंबईची भावंडं, दुबईचा मामा, सगळ्यांना ते बघता आले असते. पोस्टाने आम्ही एकदा पाकीट पाठवलं होतं, ते पोचलंच नव्हतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि एका शाळेत भूगोल शिकवत होते. नाताळची सुट्टी तोंडावर आली होती. धुळ्यात मेल पाठवण्याची सोय नुकती झाली होती, पण स्कॅनर काही मला सापडला नाही. जळगावला नव्या पेठेत लग्नपत्रिका छापणारे एक सलीमभाई आहेत, त्यांच्याकडे स्कॅनरही आहे आणि इंटरनेटही, असं शाळेतल्या एका सरांनी सांगितलं. आईने लगेच हिशेब जुळवला. जळगावला जायचंच तर पुढे सावद्याला अक्काकडे जाऊन यायचं. अक्का म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. सगळं गावच तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही.

खानदेशात फिरायला येणाऱ्यांना मी नेहमी डिसेंबर-जानेवारीच सुचवते, त्याचं कारण ही सहल. धुळ्याहून सकाळी सातची एसटी पकडली. तिकीट चाळीस रुपयांच्या आत होतं, रस्ता महामार्गाचा पण ट्रकांनी उखणलेला. खिडकीतून येणाऱ्या गारठ्यात आईने शालीत डोकं गुंडाळून घेतलं होतं. वेचणी संपत आलेल्या कपाशीच्या शेतात बोंडांच्या रिकाम्या टरफलांत अडकलेला कापूस दिसत होता. पारोळ्याला गाडी भरली. मी मांडीवर आमचा काळ्या पानांचा अल्बम घेऊन बसले होते. शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी विचारल्याशिवायच त्याचं पहिलं पान उघडलं.

"हाऊ तुना बाप शे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी अल्बम पुढच्या सीटवर दिला, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना. एरंडोल येईपर्यंत आमचे आप्पा अर्ध्या गाडीने बघितले होते. कोणी म्हणालं, माणूस कडक दिसतो. आईला ते ऐकून बरं वाटल्याचं दिसलं. अल्बम परत आला तेव्हा त्यावर थोडे फुटाण्याचे कण होते, बाकी सगळे फोटो जागच्या जागी.

जळगावला स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखट इतकी की आईने दोन वेळा पाणी मागवलं, पण भाजी सोडली नाही. तिथून रावेरची गाडी. भुसावळ सोडल्यावर तापीचा पूल लागतो आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात, त्या सावदा येईपर्यंत संपत नाहीत. बाहेर ऊन असलं तरी बागेच्या कडेने जाताना गार ओला वास येतो. गावात शिरताना केळीचे ट्रक उभे होते, घडांच्या थरांमध्ये वाळलेला पाला घालायचं काम चाललं होतं. अक्काचा मुलगा भास्करभाऊ त्याच धंद्यात होता. तो आम्हाला घ्यायला आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते डाग धुऊन जात नाहीत, असं तो अभिमानाने सांगायचा.

त्या संध्याकाळी अक्काने मागच्या अंगणात भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजली. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. केळीच्या पानावर वाढलेलं ते भरीत मी आजवर दहा ठिकाणी शोधलंय, ते जमलेलं नाही. जेवताना आईने फोटोंचं सांगितलं. भास्करभाऊने ट्रंकेतून एक पाकीट काढलं. त्यात त्याच्या लग्नातले दोन फोटो होते, आप्पा पंगतीत वाढताना, आणि आप्पा हातात नारळ घेऊन कोणाची तरी वाट बघताना. अक्का भाकरी वाढत राहिली.

सकाळी आई आंघोळीला गेल्यावर तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. लुगड्यांच्या घडीखालून एका जुन्या पंच्यात गुंडाळलेला पुठ्ठा काढला. त्यावर चिकटवलेला फोटो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर चंद्र, तळं आणि दोन हंस. पुढे आप्पा, पंचविशीचे, टोपी तिरकी, तोंडभर हसणारे. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात टोपडं घातलेलं आठ-नऊ महिन्यांचं बाळ होतं आणि त्याने आप्पांचं नाक धरलं होतं.

मी विचारलं, हा दादा का?

अक्काने नाही म्हटलं. हे तिचं पहिलं मूल, मुरलीधर. एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला, मुक्ताबाईच्या जत्रेत आप्पा तिला घेऊन गेले होते, तिथे तंबू ठोकून बसलेल्या फोटोवाल्याकडे हा काढला. त्यानंतर दोन महिन्यांनी जुलाब-उलट्यांनी मूल गेलं. अकरा महिन्यांचं होतं. घरात पुढे त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तिला लवकर दुसरं व्हावं म्हणून विसरायला सांगितलं. फोटो तिने लपवून ठेवला. भास्करभाऊला आणि त्याची बहीण कुंदा हिला, दोघांनाही हा फोटो माहीत नव्हता.

चाळीस वर्षं सावद्यात राहून तिची बोली तिकडची झाली होती. ती म्हणाली, "भाऊ हसते इथं, म्हनून देते. सुधीरले दाखव. बाकी कोनाले नको दाखवू."

मी नाही दाखवणार म्हणाले. फोटो तिने पुन्हा पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि परत कधी देशील ते विचारलं. आठ दिवसांत, मी म्हणाले. तो शब्द मी पाळला. दुसरा पाळला नाही.

परतताना जळगावला सलीमभाईंचं दुकान सापडायला त्रास झाला नाही. पत्रिकांचे नमुने काचेत लावलेले, आत शाईचा वास, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर. सलीमभाई चाळिशीचे, चष्मा कपाळावर. ते हात धुऊन आले, प्रत्येक फोटो कापसाने पुसला आणि स्कॅनरच्या काचेवर ठेवताना त्यावर फुंकर मारली. एक फोटो व्हायला तीन-चार मिनिटं लागत होती. आई बाहेर बाकावर बसली होती तेव्हा मी जत्रेतला फोटो दिला. तो त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरला आणि वालिदांना, म्हणजे वडिलांना, मुलांची आवड होती वाटतं, असं म्हणाले. मी मान हलवली.

एकूण अकरा फोटो झाले. ते एका फ्लॉपीत कसेबसे बसले. मग मेल. फोनची लाइन लागेना, लागली की तुटायची. सहाव्या फोटोला दुकानात कोणाचा तरी फोन आला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. शेवटचा फोटो गेला तेव्हा आमच्या धुळ्याच्या गाडीला वीस मिनिटं उरली होती. आई दारात पिशवी घेऊन उभी. फोटोंसोबत मला नीट पत्र लिहायचं होतं, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला मला वेळ लागायचा. मी नुसते आकडे टाकले. एक, आप्पा शाळेत. दोन, आप्पा आणि आई. नऊच्या पुढे लिहिलं, आप्पा जत्रेत. बाकीचं रविवारी फोनवर सांगू असं ठरवलं.

रविवारी दादाचा फोन आला तेव्हा तो आनंदाने इतकं भराभर बोलत होता की मी ऐकत राहिले. मग आईने फोन घेतला आणि ती रडायला लागली. मुरलीधरचं राहून गेलं. पुढच्या रविवारीही राहिलं. खरं सांगायचं तर दुसऱ्या रविवारी आठवलं होतं. दादा कुठे कोणाला दाखवणार आहे, असं मनाशी म्हणून मी गप्प बसले. तो पान तयार करणार आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही.

त्या मधल्या दिवसांत मी कबूल केल्याप्रमाणे मूळ फोटो सावद्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर अक्काकडे परत पाठवला होता.

संक्रांत झाली आणि भास्करभाऊचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पुण्याहून कुंदा आली होती. तिच्या ऑफिसात इंटरनेट होतं. सुधीरदादाचं पान बघून तिने कौतुकाने सगळे फोटो कागदावर छापून आणले होते आणि ओट्यावर बसून एकेक अक्काला दाखवत, खालचं वाचून दाखवत होती. जत्रेतल्या फोटोखाली दादाने लिहिलं होतं, आप्पांच्या कडेवर मी, वय नऊ महिने. अक्काने तो कागद घेतला, आत गेली, आणि दोन दिवस झाले, ती नीट जेवली नव्हती. काय झालं ते कोणालाच सांगत नव्हती.

"तू येऊन जा," भास्करभाऊ म्हणाला. "तुझंच नाव घेते ती."

मी शाळेत रजा टाकली. आईला सगळं सांगितलं तेव्हा तिने मला बोल लावला नाही. मुरलीधर तिला माहीत होता. तिच्या लग्नाच्या आधीची गोष्ट, पण आप्पांनी तिला एकदाच सांगितली होती. ती माझ्याबरोबर आली नाही, तूच जा म्हणाली.

तीच सातची गाडी, तोच रस्ता, पण त्या दिवशी पारोळा कधी गेलं कळलं नाही. सावद्याला दुपारी पोचले. अक्का मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून चुकलं म्हणाले. वेळ नव्हता, पत्र लिहिता आलं नाही, वगैरेही म्हणाले. ते तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मह्या पोराले दुसऱ्याचं नाव देलं, माय. एवढंच व्हतं त्याच्यापाशी, नाव."

भास्करभाऊ दारात उभा होता. त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या आधी कोणीतरी होतं आणि त्याचा चेहराही आहे. तो आत गेला आणि कुंदाने आणलेला तो कागद घेऊन बसला.

मी अक्काला सांगितलं की फोटो काढून टाकता येतो. दादाला कळवलं की एका दिवसात जाईल. ती तांदूळ निवडत राहिली. रात्री जेवायला मात्र बसली. वाढता वाढता म्हणाली, काढायच्या आधी मले पाहू दे, कुठी ठेवला त्यानं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जळगावला निघालो. अक्का लग्नकार्याशिवाय गावाबाहेर पडत नसे. पुलावरून जाताना तिने तापीला हात जोडले आणि दहा पैशाचं नाणं टाकलं. गाडीत तिने मला आप्पांचं लहानपण सांगितलं. पांझरा नदीच्या वाळूत ते खरबुजं कशी चोरायचे, आणि मार तिला कसा बसायचा. ते सगळं मला नवीन होतं.

सलीमभाईंना मी बाजूला घेऊन झालेलं सांगितलं. त्यांनी अक्काला खुर्ची दिली, चहा मागवला आणि ते लाइन जोडायला बसले. आज ती पहिल्या फटक्यात लागली. पान उघडलं. तेव्हा फोटो एकदम दिसायचे नाहीत, वरून खाली पट्टी-पट्टीने उतरायचे. आधी चंद्र आला. मग हंस. मग आप्पांची टोपी, कपाळ, डोळे. मग त्यांच्या नाकावरची चिमुकली बोटं. अक्का खुर्चीच्या कडेला सरकली होती. टोपडं आलं, गाल आले, आणि पूर्ण मुरलीधर पडद्यावर आला, तिच्या पुठ्ठ्यावर होता त्यापेक्षा मोठा.

ती बघत राहिली. मग तिने विचारलं की खाली ते आकडे कसले. पानाच्या तळाशी मोजणीची चौकट होती. सलीमभाई म्हणाले, आतापर्यंत त्रेसष्ट वेळा हे पान उघडलं गेलंय.

"एवढ्या लोकाइनं पाह्यलं त्याले?"

मी हो म्हटलं, आणि पुन्हा सांगितलं की काढून टाकू.

अक्काने पदराने काच पुसली, जिथे धूळ नव्हती तिथे. म्हणाली, "जिवंत व्हता तवा घरच्याच पाच-सहा मानसाइनं पाह्यला. राहू दे. पन नाव त्याचं लाव. मराठीत लाव, मले वाचता आलं पायजे."

इथे अडचण होती. मराठी टायपिंग करून पाठवलं तर त्या काळी अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर नुसत्या चौकोन-फुल्या दिसायच्या. मी ते अक्काला कसं समजवावं या विचारात असताना सलीमभाई म्हणाले, "ताई, फाँटची काळजी सोडा. मी नाव फोटोच्या आतच बसवतो. तो फोटो जिथे दिसेल तिथे नाव दिसेल." लग्नपत्रिकांसाठी त्यांच्याकडे मराठी अक्षरांचे पाच-सहा प्रकार होते. त्यांनी ते एकेक करून पडद्यावर दाखवले. अक्काने वळणदार, नक्षीचे सगळे नाकारले आणि शाळेच्या पुस्तकात असतात तशी साधी, ठसठशीत अक्षरं निवडली. काय लिहायचं ते तिनेच सांगितलं. चि. मुरलीधर, मामाच्या कडेवर, एदलाबादची जत्रा. सलीमभाईंनी ते हंसांच्या खाली, पडद्याच्या मोकळ्या जागेत बसवलं. म चा उकार नीट दिसेना म्हणून दोनदा पुन्हा केलं.

दादाला मी या वेळी सगळं लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, तासभर बसून. त्या रात्री आम्ही अक्काच्या ओळखीच्या एका घरी उतरलो. सकाळी दुकान उघडताच गेलो. पानावर नवा फोटो लागला होता. अक्काने बोट ठेवून वाचलं, हळू, एकेक अक्षर. सोबत दादाची मेल होती. त्याने लिहिलं होतं की आपल्याला आप्पांनी कडेवर घेतल्याचा एक तरी फोटो आहे, म्हणून तो तीन आठवडे फार सुखात होता. फोटो चौकटीत घालून टेबलावर ठेवला होता आणि मुलीला रोज दाखवत होता, हा बघ बाबा. आता तिला सांगितलंय, हा बाबाचा मोठा भाऊ. चौकट काढलेली नाही. अक्काने मेल दोनदा वाचून घेतली, आणि सुधीरले म्हना, त्याले बी असंच घेत व्हता भाऊ, मी पाह्यलंय, असं लिहायला सांगितलं. मी ते लिहिलं. सलीमभाईंनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. अक्काने घरून आणलेली केळ्याच्या वेफर्सची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ते नको नको म्हणत असतानाच आम्ही बाहेर पडलो.

मी तिला रावेरच्या गाडीत बसवून दिलं आणि धुळ्याची गाडी पकडली. घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं ते, जेवली का ती.

याला आता बरीच वर्षं झाली. ज्या फुकट सेवेवर दादाने ते पान केलं होतं ती बंद पडली, पानही गेलं. फ्लॉपी कुठल्याच यंत्रात चालत नाही. जळगावला मागे गेले तर त्या दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज इतके फोटो येतात की निम्मे मी उघडतही नाही. पण कोणाचा फोटो पुढे पाठवायचा असला की मी त्यांना फोन करून विचारते. मुलं हसतात. हसू देत.

तुम्ही त्या भागात गेलात तर हिवाळ्यात जा, रावेरच्या गाडीत उजव्या खिडकीशी बसा, आणि कोणाच्या घरी भरताला बोलावलं तर नाही म्हणू नका. बघण्यासारखं एवढंच आहे असं कोणी म्हणेल. मला त्या दोन फेऱ्यांतलं आणखी एक मिळालं, ते पुढे दोन वर्षांनी, जामनेरला एका लग्नात. अक्का बायकांच्या घोळक्यात बसली होती. नवीन ओळख झालेल्या कोणीतरी तिला मुलं किती म्हणून विचारलं. इतकी वर्षं या प्रश्नाला ती दोन म्हणायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालले होते.

"तीन," अक्का म्हणाली. "थोरला मुरलीधर. त्याच्यामागून भास्कर आन् कुंदा."